निकालानंतर उरलेली गोष्ट

न्यायाधीशाने निकाल दिला म्हणजे खटला संपतो; गोष्ट मात्र संपतेच असे नाही. ऐतिहासिक कादंबरीकाराची दृष्टी जुन्या खटल्यांकडे पुनःपुन्हा वळते, त्याचे कारण हेच होय. बखरीत राजे आणि सरदार बोलतात. खटल्याच्या दप्तरात त्यांच्याबरोबर घरचा नोकर, शेजारी, छापखान्यातला कामगार यांचीही जबानी उतरलेली असते. बंद दाराआड माणसे कशी राहत होती, हे इतिहासाला एरवी क्वचितच कळते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ते उघड होते. कादंबरीला लागणारा असा ऐवज दुसरीकडे कोठे मिळावा?

या दृष्टीने व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एक खटला लक्षात घेण्यासारखा आहे. तो चालला हैदराबादेत. पण त्याचा उगम आणि त्याची अखेर या दोन्ही गोष्टी लखनौच्या. मेहदी हसन हा उत्तरेकडील सुशिक्षित, महत्त्वाकांक्षी मुसलमान वकील. एलेन डॉनेली ही हिंदुस्थानातच जन्मलेली गोरी तरुणी. दोघांची गाठ लखनौत पडली. पुढे ती दोघे हैदराबादेस गेली. त्या संस्थानात सर सालारजंगाच्या वेळेपासून उत्तरेकडील शिकलेल्या माणसांना मोठ्या जागा मिळत असत, आणि ‘मुलकी’ व ‘गैरमुलकी’ यांच्यात त्यामुळे तेढ वाढत असे. मेहदी हसन तेथे सरन्यायाधीश झाला, नंतर गृहसचिव झाला. ‘फतेह नवाज जंग’ हा किताब त्याला लाभला. एलेनने काही वर्षे पडदा पाळला होता. तो सोडून ती वरिष्ठ वर्तुळात वावरू लागली. विलायतेच्या प्रवासात प्रत्यक्ष राणीच्या भेटीचा मानही या दांपत्यास मिळाला.

अशा वेळी, एप्रिल १८९२ मध्ये, आठ पानांचे एक निनावी इंग्रजी पत्रक शहरात फिरू लागले. हैदराबादच्या स्त्रियांना उद्देशून ते लिहिले होते. एलेन ही पूर्वी वेश्या होती, या दोघांचे लग्न कधी झालेच नाही, आणि नवऱ्याने बढतीसाठी बायकोला बड्या लोकांच्या स्वाधीन केले, असे तीन आरोप त्यात होते. मेहदी हसन गप्प बसला असता तर आरोप मान्य केल्यासारखे झाले असते. त्याने फिर्याद केली. परंतु करायची कोणावर? लेखक अज्ञात होता. म्हणून पत्रक छापल्याच्या आरोपावरून मित्र नावाच्या एका बंगाली गृहस्थास रेसिडेन्सीच्या न्यायालयात उभे करण्यात आले.

येथेच बदनामीच्या कायद्यातील पेच समोर येतो. फिर्यादी आपली अब्रू राखण्यासाठी न्यायालयात जातो. पण त्याच दिवसापासून ती अब्रू उलटतपासणीस खुली होते. सुमारे नऊ महिने खटला चालला. एलेनच्या लखनौतील पूर्वायुष्याची चिरफाड झाली, आणि कालपर्यंत कुजबुजीत असलेली गोष्ट देशभरच्या वृत्तपत्रांत आली. अखेर १८९३ साली मित्र सुटला. पत्रक त्यानेच छापले, हे फिर्यादीस सिद्ध करता आले नव्हते. म्हणजे लिहिणारा कोण, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

याच्या शेजारी १८६२ सालचा मुंबईचा ‘महाराज लायबल केस’ ठेवून पाहावा. तेथे करसनदास मुळजी या संपादकाने ‘सत्यप्रकाश’ पत्रातील लेखाची जबाबदारी उघडपणे पत्करली. धर्मगुरू जदुनाथजी महाराजांच्या वर्तनावर त्याने लिहिले होते. लिहिले ते खरे, हाच त्याचा बचाव होता. डॉक्टर भाऊ दाजींसारख्यांनी साक्ष दिली आणि न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी तो बचाव ग्राह्य मानला. त्या प्रकरणावर सौरभ शाह यांनी २०१३ साली ‘महाराज’ ही गुजराती कादंबरी प्रसिद्ध केली. तेथे कादंबरीकाराच्या पायाखाली निकालाची भूमी आहे. हैदराबादच्या प्रकरणात ती नाही.

म्हणूनच अशा प्रकरणावर कादंबरी लिहिणाराची कसोटी अधिक कठीण. दप्तरात जे लिहिलेले नाही ते कल्पनेने भरण्याचा त्याला अधिकार आहे. मेहदी हसन घरी परतल्यावर दिवा लावून दोघे काय बोलली असतील, हे कोणतेही दप्तर सांगणार नाही. कादंबरी सांगू शकेल. पण केवळ गोष्ट चुरचुरीत व्हावी म्हणून निनावी पत्रकातील मजकूर सत्य धरून चालणे ही वेगळी गोष्ट. १८९२ च्या लेखकाने नाव लपवून जे केले, तेच आपले नाव मुखपृष्ठावर छापून केल्यासारखे ते होईल. आणि उत्तर द्यायला आता कोणी हयात नाही. बेंजामिन कोहेन या अमेरिकन इतिहासकाराने २०१९ साली या प्रकरणावर ग्रंथ लिहिला आहे. इतिहासकार ‘पुरावा येथवर जातो’ असे सांगून थांबू शकतो. कादंबरीकाराला थांबता येत नाही. म्हणून त्याचा विवेक अधिक जागा असावा लागतो.

लखनौला या विवेकाचा एक नमुना ठाऊक आहे. १८९९ साली मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’ ही उर्दू कादंबरी प्रसिद्ध झाली. त्या शहरातील एका तवायफेची ती कहाणी. पण लेखक तिचा न्याय करीत नाही. तो ऐकतो, मधूनच प्रश्न विचारतो आणि तिला बोलू देतो.

ती कादंबरी आली तेव्हा मेहदी हसनच्या हाती काहीच उरले नव्हते. नोकरी गेली होती, निवृत्तिवेतन नाकारले गेले होते, आणि ते दांपत्य आगगाडीने लखनौला परतले होते. १९०४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तो वारला. एलेनसाठी मागे काही ठेवलेले नव्हते. उतारवयात तिने हैदराबाद सरकारकडे मदतीसाठी विनवण्या केल्या; दयेपोटी लहानसा भत्ता मंजूर झाला, आणि त्यानंतर लवकरच प्लेगने तिचा अंत झाला. पत्रकातील आरोपांना तिने काय उत्तर दिले असते, ते ऐकण्याची इच्छा ज्याला होईल, त्यानेच ही कादंबरी लिहावी.