तातडीचे वैद्यक : थोडक्यात

• व्याख्या : अचानक आलेला आजार, अपघात, विषबाधा यांत निदान आणि उपचार एकाच वेळी सुरू करणारी वैद्यकशाखा.

• सुरुवात : अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात १९७० मध्ये पहिले निवासी प्रशिक्षण. १९७९ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र विशेषशाखेची मान्यता.

• भारतात : भारतीय वैद्यक परिषदेची मान्यता २००९ मध्ये. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा एमडी अभ्यासक्रम.

• फरक : जुन्या पद्धतीच्या ‘कॅज्युअल्टी’त प्रथमोपचार करून रुग्ण संबंधित विभागाकडे पाठवला जाई. आपत्कालीन विभागात प्रशिक्षित तज्ज्ञ तिथेच उपचार सुरू करतात.

• ट्रायाज (रुग्णांची वर्गवारी) : उपचारांचा क्रम गांभीर्यानुसार, आल्या वेळेनुसार नव्हे. लाल : तत्काळ. पिवळा : लवकर. हिरवा : थांबू शकणारा. काळा : मृत किंवा वाचण्याची शक्यता नसलेला.

• सीपीआर (हृदय बंद पडल्यास; प्रौढांसाठी) : छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंमी. दर ३० दाबांनंतर २ श्वास. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची.

• १०८ रुग्णवाहिका सेवा : गोव्यात २००८, महाराष्ट्रात २०१४ पासून. कॉल मोफत.

• कायदा : परमानंद कटारा खटला, १९८९. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय : जखमीचा जीव वाचवणे आधी, पोलिसी सोपस्कार नंतर.