सी-३ : चिकटणाऱ्या प्रथिनाची जोखीम

ल्युपसच्या रुग्णांच्या रक्ततपासणीत सी-३ आणि सी-४ या दोन नोंदी हमखास दिसतात. आकडा कमी आला की घरातली माणसे धास्तावतात आणि प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, गोळ्या शोधू लागतात. पण अशा रुग्णांत सी-३ बहुधा कमी झालेले असते ते अतोनात वापरले गेल्यामुळे. हे कळायला त्या प्रथिनाची रचनाच पाहावी लागते.

१८९५ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे यांना दिसले, की जंतू मारणारे रक्तजल ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की निकामी होते. प्रतिपिंडे शाबूत असूनही जंतू मरत नाहीत; ताजे साधे रक्तजल थोडे मिसळले की पुन्हा मरू लागतात. प्रतिपिंडांना साथ देणारा हा उष्णतेने नासणारा भाग म्हणजे पूरक प्रथिने. बोर्दे यांना १९१९ चे नोबेल मिळाले. या प्रथिनांच्या ताफ्यात सर्वांत मुबलक आणि अगदी मोक्याच्या जागी असलेले ते सी-३. मुख्यतः यकृतात तयार होणारे हे प्रथिन एक लिटर रक्तद्रवात साधारण एक ग्रॅमभर असते.

सी-३ ला दोन साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. त्यांच्या घड्यांतून तेरा खंड बनतात. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात पीट ग्रोस यांच्या गटाने २००५ मध्ये ही रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. सगळी मेख एका खंडात दडलेल्या थायोएस्टर बंधात आहे. एरवी तो आत झाकलेला असतो, म्हणून सी-३ रक्तात निरुपद्रवी फिरते. जंतूची चाहूल लागून साखळी अभिक्रिया सुरू झाली, की एक विकर अल्फा साखळीच्या टोकाचा ७७ अमिनो आम्लांचा तुकडा छाटते. हा तुकडा, सी-३ए, दाह चेतवतो. उरलेले सी-३बी मात्र पार आकार बदलते: थायोएस्टरचा खंड जवळपास आठ नॅनोमीटर सरकून बाहेर येतो आणि समोर जो पृष्ठभाग असेल त्याला कायमचा चिकटतो. काही मायक्रोसेकंदांत काही सापडले नाही तर पाण्याशी संयोग होऊन तो वाया जातो.

चिकटलेले सी-३बी दुसऱ्या प्रथिनांना सोबत घेऊन नवे विकर बनवते, ते आणखी सी-३ छाटते, आणि बघता बघता जंतू सी-३बीने माखून जातो. भक्षक पेशी अशा माखलेल्या जंतूला चटकन गिळतात. याच साखळीच्या पुढच्या टप्प्यात काही जंतूंच्या पटलाला भोकेही पडतात.

अडचण अशी, की या बंधाला आपले-परके कळत नाही. फणस कापताना हाताला तेल चोळतात, तशी आपल्या पेशींनी आपली सोय करून ठेवली आहे. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-५५, सीडी-४६ सारखी राखणदार प्रथिने असतात, आणि रक्तातला फॅक्टर एच तिथे येऊन बसतो. मेनिंगोकॉकस जंतू तर आपलाच फॅक्टर एच पकडून अंगावर वागवतो आणि बचावतो. मला या सगळ्या यंत्रणेत थक्क करते ती ही राखण. मारा करण्यापेक्षा आवरणे कितीतरी अवघड.

राखण तुटली की काय होते, हे पीएनएच या दुर्मीळ आजारात दिसते. तांबड्या पेशींवर सीडी-५५ आणि सीडी-५९ ही राखणदार प्रथिने नसतात आणि त्या रक्तातच फुटतात. सी-३ ला रोखणारा कॉम्प्स्टॅटिन हा १३ अमिनो आम्लांचा रेणू १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन लँब्रिस यांच्या गटाने शोधला. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अरविंद साहू पुढे पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये याच प्रथिनांवर संशोधन करत राहिले. कॉम्प्स्टॅटिनपासून घडवलेल्या पेगसेटाकोप्लान या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये पीएनएचसाठी मान्यता मिळाली. ते घेणाऱ्यांना मेनिंगोकॉकस आणि न्यूमोकॉकससारख्या जंतूंविरुद्ध लस द्यावी लागते, कारण सी-३ रोखले की त्या जंतूंना वाट मोकळी होते.

म्हणून सी-३ कमी आले तर आकडा वाढवण्याच्या मागे लागू नका. ते कुठे खर्च होत आहे हे डॉक्टरांना शोधू द्या. घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते तेव्हाही सी-३ खाली जाते आणि साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते. तसे झाले नाही तर दुसऱ्या आजाराचा शोध घ्यावा लागतो. म्हणून मूल बरे दिसत असले तरी सी-३ ची फेरतपासणी चुकवू नका.