साठ जीबीपासून दोन टीबीपर्यंत : होसकोट्यातून एक मागोवा

प्लेस्टेशन ३ भारतात आला एप्रिल २००७ मध्ये. किंमत ३९,९९० रुपये आणि पोटात ६० जीबीची हार्ड डिस्क. आजचा एखादा मोठा गेम तेवढ्या जागेत मावायचा नाही. तेव्हा मात्र बहुतेक गेम ब्लू-रेवरून चालायचे. हार्ड डिस्कवर उतरायचा तो गेमचा थोडा भाग आणि आपण कुठवर खेळलो त्याची नोंद. त्या यंत्राच्या प्रोसेसरबद्दल आणि चित्राच्या स्पष्टतेबद्दल पुष्कळ लिहून आलं. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. आतली हार्ड डिस्क म्हणजे लॅपटॉपमध्ये असते तशी साधी अडीच इंची साटा डिस्क होती. ती ग्राहकाने स्वतः कशी बदलायची, हे सोनीने सोबतच्या पुस्तिकेत छापलं होतं.

या एका निर्णयामुळे पुढची पंधरा वर्षं बेताच्या पगारातल्या घरांना कन्सोल परवडला, टिकला आणि धाकट्या भावंडांपर्यंत पोचला. होसकोट्यासारख्या गावातून पाहिलं की हे विशेष जाणवतं.

होसकोटे बंगळूरच्या पूर्वेला, कोलारच्या वाटेवर. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर हेही होतं, पण आज इथे जी मराठी कुटुंबं भेटतात ती कारखान्यांच्या आणि व्हाइटफील्डच्या नोकऱ्यांमागून आलेली. व्होल्व्होचा ट्रकचा कारखाना १९९८ पासून इथे आहे. त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारे उद्योग आले, मग गोदामं आली. पगार महिन्याचा आणि ठरलेला, घरभाडं बंगळूर शहरापेक्षा कमी. घरात एक कन्सोल असलाच तर तो बोनसच्या पैशांतून घेतलेला आणि सगळ्यांच्या वाट्याचा. तो दर तीन-चार वर्षांनी बदलण्याचा प्रश्नच नव्हता. आहे त्यालाच वाढवत न्यायचं.

वाढवण्याची गरज पहिल्यांदा भासली ती २००८ मध्ये. ‘मेटल गिअर सॉलिड ४’ हा गेम सुरुवातीला काही मिनिटं डिस्कवर उतरायचा आणि पुढच्या प्रत्येक अंकाला आधीच्या अंकाची फाइल पुसून नवीन उतरवायचा. दरवेळी पडद्याकडे बघत थांबायचं. त्या सुमारास ४० जीबीचे प्लेस्टेशनही विकले जात होते, आणि जागा हा खेळाचाच एक भाग होऊन बसला होता. कोणता डेमो ठेवायचा, कोणता पुसायचा, यावरून भावाभावांत वाद.

डिस्कसाठी जायचं ते एस.पी. रोडला. सदर पत्रप्पा रोड हे त्याचं पूर्ण नाव, पण ते कुणी उच्चारत नाही. होसकोट्याहून बस, मग के.आर. पुरमच्या पुलाखालची ती न संपणारी गर्दी, पुढे शहरातल्या मार्केटपर्यंत दुसरी बस. अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केबल, कॅपॅसिटर, मदरबोर्ड आणि जुन्या लॅपटॉपचे ढीग. दुकानदारांत राजस्थानी बरेच, त्यामुळे व्यवहार हिंदीत आणि शिव्या कन्नडमध्ये. गेमच्या सीडी मात्र मॅजेस्टिक बस स्थानकाजवळ गांधीनगरच्या नॅशनल मार्केटमध्ये. ब्लू-रे असली तरी सगळे तिला सीडीच म्हणत. महाराष्ट्र मंडळही गांधीनगरातच, म्हणून गणपतीत आरती आटोपून पोरं तिकडे वळायची. खेळून झालेली सीडी द्यायची, वर थोडे पैसे घालून दुसरी आणायची. नवी सीडी क्वचितच घरी यायची.

बंगळूरचा एक मोठा फायदा होता. इथे ऑफिसांचे लॅपटॉप सतत बदलत. त्यांतून निघालेल्या डिस्का एस.पी. रोडवर येत आणि नव्यापेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळत. जाणकार माणूस ती तिथल्या तिथे संगणकाला लावून तिची तब्येत बघायला सांगायचा. डिस्क किती तास चालली आहे, किती सेक्टर खराब होऊन बदलले गेले आहेत आणि किती बदलायचे बाकी आहेत, हे तीन आकडे क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅमवर मिनिटभरात दिसतात. तासांचा आकडा मोठा असला तर भाव पाडून घ्यायचा. पण खराब सेक्टरचा आकडा शून्य नसेल तर डिस्क फुकट दिली तरी घ्यायची नाही. हा नियम आजही तसाच लागू आहे.

घरी आल्यावरचं काम अर्ध्या तासाचं. प्लेस्टेशन ३ मध्ये डिस्कचा खण एका निळ्या स्क्रूने बांधलेला असायचा. तो फार घट्ट असे आणि चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने त्याची खाच झिजे, म्हणून नीट बसणारा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर हेच खरं हत्यार. स्क्रूपेक्षा जास्त विचार करायचा तो बॅकअपचा. प्लेस्टेशन आपली डिस्क सांकेतिक करून ठेवतो, त्यामुळे काढलेली डिस्क संगणकाला जोडून त्यातून काही वाचता येत नाही आणि नवीन लावली की ती पुसली जाते. आधी यूएसबीवर बॅकअप, मग बदल. बॅकअपची डिस्क फॅट३२ प्रकारची हवी. काही गेमची सेव्ह फाइल कॉपीच होत नसे. ती फक्त पूर्ण बॅकअपमधून, त्याच यंत्रावर परत यायची. महिनोन्महिने खेळून मिळवलेलं असं हरवलं की घरातली मुलं हिरमुसून बसत, आणि ते दुःख खोटं नसतं.

त्याच काळात मायक्रोसॉफ्टने उलटा रस्ता धरला. एक्सबॉक्स ३६० भारतात प्लेस्टेशन ३ च्या आधी, २००६ मध्येच आला, आणि त्याच्या स्वस्त आवृत्तीत हार्ड डिस्कच नव्हती. नंतर घ्यायची तर कंपनीचीच, प्लास्टिकच्या खास खोक्यात बंद केलेली. त्या खोक्यात डिस्क अडीच इंची साटाच होती, पण तिच्यावर मायक्रोसॉफ्टची खूण असलेला एक सेक्टर नसेल तर यंत्र तिला ओळखत नसे. हिकमती लोकांनी वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्कांवर ती खूण लिहिण्याची युक्ती काढली. मात्र त्यात ऑनलाइन खात्यावर बंदी येण्याची धास्ती होती. एप्रिल २०१० मध्ये कंपनीने पेनड्राइव्ह वापरायची मुभा दिली, तीही प्रत्येकी १६ जीबीच्या दोनच. तोच माल तिप्पट भावाने विकण्यासाठी एक कुलूप घालणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

मग २०११ चा पावसाळा आला, थायलंडचा. तिथल्या पुरात ऑक्टोबरमध्ये वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्याखाली गेले, इतरांच्या सुट्या भागांचे पुरवठादारही बुडाले. जगातल्या हार्ड डिस्कांचा फार मोठा हिस्सा त्या एका देशातून येतो, हे बहुतेकांना त्या वेळी पहिल्यांदा कळलं. काही आठवड्यांत किमती चढल्या, काही डिस्का दुप्पट भावाला गेल्या. कंपन्यांनी बऱ्याच डिस्कांची वॉरंटीही कमी केली. स्वस्तात डिस्क वाढवणाऱ्याने बाजाराकडे लक्ष ठेवायचं, हा धडा त्या पुराने दिला.

प्लेस्टेशन ४ भारतात २०१३-१४ च्या हिवाळ्यात आला, पुन्हा ३९,९९० रुपयांनाच. पहिल्या मॉडेलचं चकचकीत झाकण हाताने सरकवून काढता यायचं आणि आत एकाच स्क्रूने बांधलेला डिस्कचा खण. दार उघडंच ठेवलं होतं, पण गरज आता कितीतरी वाढली होती. या यंत्रावर प्रत्येक गेम, सीडी असली तरी, पूर्णपणे डिस्कवर उतरतो. ५०० जीबीतले सुमारे ४०० हाती लागतात. शिवाय अपडेट आला की यंत्र जुन्या फाइलची नवी प्रत बनवतं, म्हणून गेमच्या आकाराइतकी मोकळी जागा पुन्हा वेगळी लागते. २०१८ मध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ दोन सीडींवर आला आणि शंभर जीबीच्या आसपास जागा घेऊन बसला. पुढच्या वर्षीच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ने तर दीडशेचा आकडाही मागे टाकला.

इथे इंटरनेटचाही प्रश्न होता. ठरावीक जीबी संपले की वेग गळून पडणारी ब्रॉडबँडची योजना आणि रोजची वीजकपात, अशा घरात एकदा उतरवलेला गेम पुसणं परवडत नसे. परत उतरवायला रात्री जागाव्या लागत. म्हणून होसकोट्यात मोठी डिस्क ही चैन नव्हती. ती वाचवलेला डेटा होती.

त्या वर्षांत सर्वांत उपयोगी पडलेली काटकसर सांगतो. बाजारात सुटी एक टीबीची डिस्क महाग आणि तीच डिस्क आत असलेली यूएसबीवाली पोर्टेबल डिस्क स्वस्त, असं पुष्कळदा घडायचं. लोक पोर्टेबल विकत घेऊन तिचं कवच नखाने किंवा पातळ प्लास्टिकने उघडत आणि आतली डिस्क प्लेस्टेशनमध्ये बसवत. सीगेटच्या बहुतेक डिस्कांत साटाची खाच निघायची. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच पोर्टेबलांत यूएसबीची जोडणी थेट डिस्कच्या पाटीवरच असते, त्यामुळे त्या उघडून उपयोग नसतो. जाडीही बघावी लागे : साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जाड डिस्क खणात जात नाही, आणि चार टीबीच्या अडीच इंची डिस्का पंधरा मिलिमीटरच्या. म्हणून दोन टीबी हीच व्यवहारातली मर्यादा. साधारण कन्सोलच्या किमतीच्या दहाव्या हिश्शात एक टीबी मिळायची, आणि यंत्र पुढची चार-पाच वर्षं निर्धास्त चालायचं. कवच उघडलं की वॉरंटी जाते, ही किंमत जाणून मोजायची.

नवीन डिस्क बसवल्यावर पेनड्राइव्हवर ‘पीएस४’ नावाचं फोल्डर, त्यात ‘अपडेट’, त्यात कंपनीच्या साइटवरून घेतलेली पूर्ण सिस्टिम फाइल ठेवायची. नेहमीची लहान अपडेट फाइल इथे चालत नाही. मग पॉवरचं बटण दुसरा बीप येईपर्यंत दाबून ठेवायचं. इतकंच. मार्च २०१७ च्या ४.५० या अपडेटनंतर तर झाकण उघडायचीही गरज उरली नाही : २५० जीबी ते ८ टीबीची कुठलीही यूएसबी ३.० डिस्क मागे जोडली की गेम तिच्यावरून चालू लागले. ज्याला स्क्रूची भीती वाटे त्याच्यासाठी हा मोठा दिलासा.

मधल्या काळात फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान एसएसडी स्वस्त झाली. प्लेस्टेशन ४ मध्ये ती लावली की गेम उघडायची वाट बरीच कमी होते, पण पहिल्या मॉडेलची जोडणी साटा २ ची, त्यामुळे महागड्या एसएसडीचा पूर्ण वेग तिथे वापरलाच जात नाही. अशा यंत्रात स्वस्तातली स्वस्त, पण नावाजलेली साटा एसएसडी पुरते. जास्त पैसे घालणं वाया.

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, ४९,९९० रुपयांना. ८२५ जीबीतले साधारण ६६७ आपल्या हाती. आतली एसएसडी बोर्डावरच जडवलेली, बदलता न येणारी. पण शेजारी एम.२ प्रकारच्या एसएसडीसाठी मोकळी खाच ठेवली होती. ती खाच सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने वापरात आली. जनरेशन ४ ची, सेकंदाला ५,५०० मेगाबाइट वेगाची शिफारस असलेली आणि हीटसिंकसह एसएसडी तिथे बसते. त्या वर्षी तशी एक टीबीची एसएसडी कन्सोलच्या किमतीचा चांगलाच हिस्सा खाऊन जायची. २०२३ मध्ये भाव निम्म्यावर आले. ज्यांनी दोन वर्षं दम धरला त्यांचं भलं झालं. थांबलेल्या काळात जुन्या प्लेस्टेशन ४ ची डिस्क यूएसबी केसमध्ये घालून पाचला जोडायची आणि प्लेस्टेशन ४ चे गेम तिच्यावरूनच खेळायचे. पाचचे गेम तिच्यावरून चालत नाहीत, पण ठेवता येतात.

एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये मात्र ५१२ जीबीतले ३६४ हाती आणि नव्या पिढीच्या गेमसाठी जागा वाढवायची तर खास आकाराचं कार्डच घ्यायचं. पंधरा वर्षांनी तेच कुलूप.

मार्च २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ चं ऑनलाइन दुकान बंद करण्याची घोषणा केली आणि एप्रिलमध्ये लोकांच्या नाराजीमुळे ती मागे घेतली. त्या तीन आठवड्यांत विकत घेतलेलं सगळं उतरवून ठेवण्याची घाई उडाली. ज्यांनी ६० जीबीच्या जागी ५०० जीबी लावून ठेवले होते, त्यांची खरेदी त्यांच्या घरात होती. दुकानाच्या मर्जीवर आपला माल अवलंबून असू नये, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी त्या डिस्कचं मोल जागेपेक्षा मोठं आहे.

आता होसकोट्याहून एस.पी. रोडला जाणं सोपं झालं आहे. ऑक्टोबर २०२३ पासून के.आर. पुरमहून मेट्रोने थेट मॅजेस्टिक गाठता येतं. पण तिकडे जाणारे कमी झाले, कारण माल ऑनलाइन मागवला की दुसऱ्या दिवशी दारात येतो. सोयीबरोबर खोट्या क्षमतेची डिस्कही येते. आमच्याकडे एका विक्रेत्याकडून आलेली ‘दोन टीबी’ तपासल्यावर ६४ जीबी निघाली. पैसे मिळाले, पण तपासली म्हणून मिळाले. एच२टेस्टडब्ल्यूसारख्या फुकट प्रोग्रॅमने पूर्ण डिस्क भरून बघावी, मगच पॅकिंग फेकावं.

२०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून मेमरी आणि एसएसडी पुन्हा महाग झाल्या. अशा वेळी थायलंडच्या पुराने दिलेला धडाच उपयोगी. नवीन एसएसडीची घाई न करता घरातल्या जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून तपासावी. चांगली निघाली तर यूएसबी केस घेऊन कन्सोलला लावावी. केस काही शे रुपयांना मिळते. आणि पुढचा कन्सोल घ्यायला दुकानात जाल तेव्हा चित्राची स्पष्टता विचारण्याआधी एक प्रश्न विचारा : यात बाजारात मिळणारी साधी डिस्क बसते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या यंत्राची किंमत पाटीवर लिहिली आहे त्याहून जास्त आहे.