राउटर निवडण्यापूर्वी

ज्या घरात फायबरची जोडणी आली आहे, त्या घराला टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर चालणाऱ्या जुन्या एडीएसएल मोडेमचा काही उपयोग उरत नाही. प्रकाशाच्या स्पंदनांचे विद्युत्संकेतांत रूपांतर करणारी 'ओएनटी' नावाची पेटी बहुधा सेवा देणारी कंपनीच बसवून देते. ग्राहकाच्या मुखत्यारीत येतो तो राउटर. तो खरेदी करताना खोक्यावरील भव्य आकड्यांवर विसंबण्याऐवजी यंत्राच्या पाठीमागचे पोर्ट आधी तपासावेत. कारण जोडणी २०० एमबीपीएसची असूनही पोर्ट 'फास्ट इथरनेट'चे असतील, तर १०० एमबीपीएसच्या पलीकडे वेग मिळणे अशक्य आणि दरमहा भरलेला निम्मा पैसा व्यर्थ होय. गिगाबिट पोर्टांचाच आग्रह धरावा.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी भिंती ओलांडून दूरवर पोचतात खऱ्या, परंतु त्या पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या अवघ्या तीनच असल्याने सदनिकांनी गजबजलेल्या इमारतीत तेथे निरंतर दाटी असते. उलटपक्षी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा प्रशस्त व वेगवान, मात्र काँक्रीटपुढे लवकर क्षीण होणारा. म्हणून दोन्ही पट्ट्यांचे यंत्र घेणे इष्ट. जाड दगडी भिंतींच्या वाड्यात तर एका बलाढ्य, महागड्या राउटरपेक्षा इथरनेट तारेने जोडलेले दोन साधे राउटर निःसंशय श्रेयस्कर.

सुरक्षेसाठी २०१८ साली जाहीर झालेली डब्ल्यूपीए३ पद्धती, निदान डब्ल्यूपीए२ तरी, असावी. आणि राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड वाचकांनी पहिल्याच दिवशी अवश्य बदलावा.