राज्य नसलेल्या देशाचा वकील

पेशवाईच्या इतिहासांत परदरबारीं राहणाऱ्या वकिलांविषयीं विद्यार्थ्यांनीं वाचलें असेलच. वकिलाच्या पाठीशीं राजा, खजिना व फौज असते. परंतु ज्याच्या देशाचें नांवच नकाशावरून पुसलें गेलें आहे, त्यानें कोणाच्या बळावर बोलावें? मिखाल चायकोव्स्की यांच्यापुढें हाच प्रश्न होता.

रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं १७७२ ते १७९५ या काळांत पोलंड देश वांटून घेतला. चायकोव्स्की यांचा जन्म १८०४ चा, व्होलिन प्रांतांतला. १८३०-३१ सालच्या रशियाविरुद्ध उठावांत ते लढले, आणि तो मोडल्यावर हजारों देशबांधवांप्रमाणें फ्रान्सच्या आश्रयास गेले. तेथें त्यांनीं कॉसॅक लोकांवर कादंबऱ्या लिहून नांव मिळविलें.

पॅरिस येथें निर्वासितांचे पुढारी होते प्रिन्स आदाम चार्तोरिस्की. एके काळीं तेच रशियाचे परराष्ट्रमंत्री होते. त्यामुळें यूरोपांतील दरबारांचीं मर्में त्यांस ठाऊक. रशियाचें जुनें वैर तुर्कस्तानाशीं, हें ओळखून त्यांनीं १८४१ सालीं चायकोव्स्कींस कॉन्स्टँटिनोपल येथें पाठविलें. बातम्या मिळविणें, मंत्र्यांशीं स्नेह जोडणें, बाल्कन प्रांतांतील पुढाऱ्यांशीं संधान बांधणें, हेंच त्यांचें शस्त्र. १८४२ सालीं शहराबाहेर पोलिश निर्वासितांचें आदामपोल हें गांव वसलें. तें आजहि तेथें आहे.

पुढें रशियाचें दडपण वाढलें. तुर्कस्तान सोडण्याची पाळी आली, तेव्हां १८५० सालीं त्यांनीं इस्लाम धर्म स्वीकारला व ते सुलतानाचे प्रजाजन झाले. यापुढें त्यांचें नांव सादिक पाशा. धर्म हा परवान्यासारखा बदलावयाचा असतो काय, असें त्यांच्या अनेक स्वदेशीयांसहि वाटलें. क्रिमियाच्या युद्धांत (१८५३-५६) त्यांनीं सुलतानाच्या निशाणाखालीं कॉसॅक पलटण उभारली. थोर कवि मित्सकिएविच १८५५ सालीं याच कार्यासाठीं तेथें आले, आणि त्याच वर्षीं तेथेंच वारले. पण १८५६ च्या पॅरिसच्या तहांत पोलंडची मागणी कोणीं पुढें रेटली नाहीं.

त्यानंतरचा भाग लिहितांना लेखणी अडखळते. १८७२ सालीं, ज्याच्याशीं जन्मभर झगडले त्या झारची क्षमा घेऊन ते कीव्ह येथें परतले व रशियन ऑर्थोडॉक्स पंथांत गेले. १८८६ सालीं त्यांनीं स्वतःच आपल्या जीवनाचा शेवट केला. कित्येक पोलिश लोकांनीं त्यांस देशद्रोही ठरविलें. मला तो निवाडा पुरता पटत नाहीं; तीस वर्षें रिकाम्या हातांनीं वकिली केलेल्या त्या वृद्धाच्या मनांत शेवटीं काय उरलें असेल, हें दूरून सांगणें कठीण आहे. पोलंड पुन्हां स्वतंत्र झाला तो १९१८ सालीं.