मठांतील विद्यालय आणि समरांगण

बुद्धिबळाच्या पटावर प्यादें मारलें गेलें कीं तें डबींत जातें आणि पुढचा डाव मांडतांना पुन्हां आपल्या घरांत येऊन बसतें. त्याला नांव नसतें, आईबाप नसतात, आणि त्याच्या जाण्यानें कोणी हळहळत नाहीं. जपानांत १९९० सालीं सुरू झालेल्या ‘फायर एम्ब्लेम’ या व्हिडिओ-खेळांच्या मालिकेनें ही रीत मोडली. पटावरील प्रत्येक मोहऱ्यास तिनें नांव, चेहरा आणि स्वभाव दिला. आणि जो पडला तो त्या कथेंतून कायमचा गेला, असा कडक नियम घातला. याच मालिकेंतील ‘थ्री हाउसेस’ हा खेळ २६ जुलै २०१९ रोजीं निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठीं प्रसिद्ध झाला. इंटेलिजंट सिस्टिम्स आणि कोएइ टेक्मो या दोन जपानी संस्थांनीं तो मिळून रचला. या खेळाचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत खेळाडूस सेनापति होण्यापूर्वीं शिक्षक व्हावें लागतें.

फोड्लान नांवाचा एक काल्पनिक भूखंड आहे. त्यावर एक साम्राज्य, एक राज्य आणि सरदारांचा एक संघ अशा तीन सत्ता नांदतात. आणि मध्यभागीं, डोंगरावर, गॅरेग माख हा धर्मपीठाचा मठ आहे. मठाच्या विद्यालयांत तिन्ही देशांतील मुलें युद्धविद्या शिकतात. साम्राज्याच्या मुलांचा गट ‘काळे गरुड’, राज्याचा ‘निळे सिंह’ आणि संघाचा ‘सोनेरी हरिणें’. साम्राज्याची वारस एडेलगार्ड, राजपुत्र दिमित्री आणि संघनायकाचा नातू क्लॉड हे त्या त्या गटाचे प्रमुख. बायलेथ नांवाचा एक भाडोत्री सैनिक (खेळाडूची इच्छा असेल तर ती स्त्रीहि असूं शकते) योगायोगानें या तिघांचे प्राण वाचवितो आणि कांहीं दिवसांतच त्यांचा अध्यापक म्हणून नेमला जातो. खेळाडूनें याच बायलेथची भूमिका घ्यावयाची असते.

तीनपैकीं कोणता गट घ्यावा, हा नवख्याचा पहिला प्रश्न. निवड एकदां झाली कीं त्या कथेंत ती बदलतां येत नाहीं, आणि एका कथेला कित्येक दिवसांच्या संध्याकाळी जातात. म्हणून थोडा विचार करणें बरें. ‘कोणता गट बलवान’ हा मात्र विचार करूं नये. तिन्ही गट जिंकूं शकतात. ज्यास सरळ युद्धव्यवस्था हवी, पुढें भालेकरी आणि मागें शुश्रूषा करणारी मर्सेडिस अशी रचना सोयीची वाटते, त्यानें निळे सिंह घ्यावेत. धनुर्विद्येची आवड असेल त्यास क्लॉडचा गट मानवेल. काळ्या गरुडांच्या वाटेला मात्र पुढें एक फांटा फुटतो आणि तेथें मोठा निर्णय करावा लागतो. पहिल्या खेपेस तो गट घेणाऱ्यानें मन घट्ट ठेवावें. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे निवडीपूर्वीं मठांत फिरून सगळ्या मुलांशीं बोलावें. जीं मुलें आवडतील, तीं घ्यावींत. पुढें त्यांच्याच संगतींत राहावयाचें आहे.

खेळाची खरी गंमत येथून सुरू होते. पुष्कळांची समजूत अशी कीं, युद्धाचा खेळ म्हणजे अखंड मारामारी. येथें तसें नाहीं. खेळाडूच्या हातीं एक दिनदर्शिका येते. महिन्याच्या अखेरीस एक कामगिरी ठरलेली असते, आणि तोंपर्यंतचे आठवडे कसे घालवावयाचे हें शिक्षकानें ठरवावयाचें असतें. रविवारीं मठांत फिरावें, व्याख्यान ठेवावें, लहानशी चकमक करावी किंवा विश्रांति घ्यावी, सोमवारीं वर्ग. मठांत फिरतांना विद्यार्थ्यांबरोबर जेवणें, समूहगायन, चहापान असे कार्यक्रम असतात, परंतु दर खेपेस ठराविक कामेंच करतां येतात. शिक्षकाची श्रेणी वाढली म्हणजे ही मर्यादाहि वाढते. म्हणून पहिल्या कांहीं महिन्यांत रविवार विश्रांतींत किंवा चकमकींत न घालवितां मठांतच घालवावा. बागेंत बीं पेरणें आणि तळ्यावर मासे धरणें यांस कामाचा वांटा खर्च होत नाहीं, श्रेणी मात्र वाढते; हीं दोन कामें चुकवूं नयेत. वाटेंत कोणाची हरवलेली वस्तु सांपडते, ती मालकास शोधून परत द्यावी. मूल खूष होतें आणि खर्च कांहींच नाहीं.

जेवणाचा आणि वस्तु परत करण्याचा हेतु एकच: विद्यार्थ्यांचा उत्साह वाढविणें. उत्साह असेल तरच सोमवारीं त्यास स्वतंत्र धडा देतां येतो. कंटाळलेल्या मुलापुढें शिक्षकाचें कांहीं चालत नाहीं. (ज्यांनीं खरोखर शाळेंत शिकविलें आहे त्यांस हें नव्यानें सांगावयास नको.) प्रत्येक मुलाचे आवडीचे आणि नावडीचे विषय पडद्यावर दिसतात. कांहीं मुलांत एखादा गुण सुप्त असतो आणि तो बऱ्याच परिश्रमानंतर उमलतो. तलवार, भाला, परशु, धनुष्य, दोन प्रकारची मंत्रविद्या, अश्वारोहण असे अनेक विषय आहेत. सर्वांस सर्व शिकवूं पाहणारा शिक्षक फसतो. प्रत्येकासाठीं दोन विषय ठरवून द्यावे आणि तेच नेटानें चालवावे. पांचव्या, दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या पातळीवर वरच्या वर्गांच्या परीक्षा खुल्या होतात. उत्तीर्ण होण्याची शक्यता शेंकडेवारीनें आधींच दाखविली जाते. ती कमी असेल तर मुलास बसवूं नये, कारण नापास झाला तरी परीक्षेचा परवाना खर्ची पडतोच.

रणांगण चौकटींचें असतें. आधीं खेळाडूनें आपलीं सर्व माणसें हलवावीं, मग शत्रूनें. हल्ल्यापूर्वीं किती इजा होईल आणि घाव लागण्याची शक्यता किती, हें यंत्र सांगतें. शत्रु कोणावर रोख धरून आहे तेंहि रेषांनीं दिसतें. नवखा मनुष्य बहुधा या रेषांकडे न पाहतां पुढें धांवतो आणि एकटा पडतो. शत्रूच्या टप्प्याच्या कडेवर एखादा चिलखती गडी उभा करावा, शत्रूस चालून येऊं द्यावें आणि मग सर्वांनीं मिळून तुटून पडावें, ही जुनी युक्ति येथेंहि उपयोगी पडते. उडत्या स्वारांवर बाण आणि चिलखतवाल्यांवर मंत्र चालतो. ज्याचा वेग प्रतिपक्षाहून चारांनीं अधिक, तो दोनदां वार करतो. म्हणून जड शस्त्र नेहमींच चांगलें असें नाहीं. शस्त्रें वापरानें झिजतात. भाड्यानें घेतलेली तुकडी प्रत्येकाच्या हाताखालीं द्यावी, कारण तुकडीच्या हल्ल्यास शत्रु उलट वार करूं शकत नाहीं.

आरंभींच आणखी एक निवड करावी लागते. ‘क्लासिक’ पद्धतींत पडलेला विद्यार्थी पुन्हां दिसत नाहीं. ‘कॅज्युअल’ पद्धतींत तो लढाईनंतर परत येतो. ही सौम्य पद्धत मालिकेंत २०१० सालीं आली. तिला भित्रेपणा म्हणणारे कांहीं जुने खेळाडू आहेत, पण त्यांचें ऐकण्याचें कारण नाहीं. शिवाय दिव्य स्पंदन नांवाची एक शक्ति बायलेथजवळ असते. तिनें लढाईंतील काळ कांहीं मोजक्या वेळां मागें फिरवितां येतो, तेव्हां क्लासिक पद्धतहि वाटते तितकी निर्दय राहात नाहीं.

परंतु काळ मागें फिरवून न टळणारी एक गोष्ट या खेळांत आहे. विद्यालयाचें वर्ष संपतें, युद्ध पेटतें आणि कथा पांच वर्षें पुढें जाते. ज्या शेजारच्या वर्गांतील मुलांबरोबर भोजनगृहांत जेवण झालें, तींच आतां शत्रूच्या ध्वजाखालीं उभीं असतात, आणि पडद्यावर त्यांचीं नांवें लाल रंगांत येतात. हें टाळण्याचा मार्ग एकच. विद्यालयाचें वर्ष चालूं असतांनाच दुसऱ्या गटांतील मुलांस आपल्या वर्गांत ओढावें. प्रत्येक मूल शिक्षकाच्या अंगीं एखादा गुण आणि एखाद्या विद्येंत प्रावीण्य मागतें; स्नेह वाढला कीं ही अट सैल होते. तिघे प्रमुख मात्र आपला गट सोडून येत नाहींत. त्यामुळें ज्या मुलाविषयीं मनांत थोडीहि माया आहे, त्याची अट काय आहे हें पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पाहून ठेवावें आणि आपला अभ्यास त्याप्रमाणें आंखावा. सर्वांना आणणें पहिल्या खेपेस साधत नाहीं. दुसऱ्या खेपेस आरंभ करतांना पूर्वीं मिळविलेली कीर्ति खर्चून शिक्षकाची श्रेणी आणि जुने स्नेह विकत घेतां येतात, आणि तेव्हां हें काम पुष्कळ सोपें होतें.