ओळखीचा पुरावा

आमच्या धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, मी बँकेत अधिकारी होतो. एका शेतकरी खातेदाराकडे ओळखीचे कागद मागितले, तर ते दुखावले. "साहेब, वीस वर्षं मला बघताय. आता पुरावा कशाला?" मी ओशाळलो.

पुढे २६/११ची हकिगत वाचली. दाऊद गिलानीने २००६ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हेडली हे नाव घेतलं आणि त्याच नावाने येऊन मुंबईची टेहळणी केली. २००९ मध्ये तो शिकागोत पकडला गेला. २०१० मध्ये आपल्या अधिकाऱ्यांनी तिथे जाऊन त्याची चौकशी केली. २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतूनच व्हिडिओद्वारे मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. दोन देशांचं सहकार्य झालं, पण १६६ जीव गेल्यावर.

हा माणूस कोण, हे देशांनी एकमेकांना वेळेवर विचारायला हवं. मी उगाच ओशाळलो होतो.